शोधनिबंधांची निवड आणि द्रव्याची ओळख

आयुर्वेदात संशोधन किती झाले, असे कोणी विचारले की हल्ली पबमेडवरील संख्या पुढे केली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने हे दालन १९९७ साली सर्वांना विनामूल्य खुले केले, हे त्यांचे मोठेच उपकार. मात्र त्यातील मेडलाइन या मुख्य संग्रहात कोणते नियतकालिक घ्यावे, हे तज्ज्ञांची समिती ठरविते. आपल्याकडील पुष्कळ आयुर्वेदीय नियतकालिके त्या चाळणीबाहेर राहिली आणि त्यांतील काम शोधणाऱ्याच्या दृष्टीने जणू झालेच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी कोईमतूरच्या एव्हीटी इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड रिसर्च या संस्थेने ‘धारा’ हा केवळ आयुर्वेदीय शोधनिबंधांचा सूचिसंग्रह उभा केला. हैदराबाद येथील केंद्रीय संस्थेने सिद्ध केलेल्या आयुष रिसर्च पोर्टलवर निबंधांची विभागणी चिकित्सा, चिकित्सापूर्व, द्रव्य आणि मूलभूत संशोधन अशी केली गेली. अशा संग्रहासाठी निबंध निवडणाऱ्याने काय पाहावे? आमच्या मते सर्वप्रथम द्रव्याची ओळख पाहावी, संख्याशास्त्र त्यानंतर.

ब्राह्मीचेच पाहा. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी, आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. महाराष्ट्रात मात्र पुष्कळ ठिकाणी मंडूकपर्णीच ब्राह्मी म्हणून विकली जाते. (चरकाचार्यांच्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी आहे, ब्राह्मी नाही, हेही येथे आठवावे.) शंखपुष्पीची तीच गत. आपण कॉन्व्हॉल्व्युलस घेतो, तर केरळात आपली गोकर्ण शंखपुष्पी म्हणून वापरतात. अशा स्थितीत निबंधात नुसते ‘ब्राह्मी चूर्ण’ असा उल्लेख असेल, तर निष्कर्ष कोणत्या वनस्पतीच्या नावे नोंदवावा? असा निबंध कितीही रुग्णांवरील असला, तरी तो बाजूला ठेवणेच इष्ट. ठेवलाच तर ‘द्रव्य अनिश्चित’ अशी नोंद हवी.

उलट एकाच वनस्पतीला दोन नावे असली की शोध अर्धवट राहतो. गुग्गुळ जुन्या निबंधांत कॉमिफोरा मुकुल या नावाने येतो, तर नव्या निबंधांत कॉमिफोरा वाइटिआय या नावाने. संग्रहकर्त्याने दोन्ही नावे एका नोंदीखाली जोडली नाहीत, तर वैद्याच्या हाती निम्मेच साहित्य लागते.

गुग्गुळावरूनच निवडीची खरी कसोटी लागते. २००३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रमाणित गुग्गुळ-अर्क घेणाऱ्यांत एलडीएल कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी काहीसे वाढले, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. हा निबंध आपल्यास रुचणारा नाही. म्हणून तो गाळावा काय? मुळीच नाही. आमच्या समव्यवसायी बंधूंपैकी काही जण असे निबंध ‘आयुर्वेदविरोधी’ म्हणून झिडकारतात, ते आम्हांस मान्य नाही. तो संग्रहात हवाच. सोबत तो अर्कावरील आहे, शोधित गुग्गुळाच्या कल्पावरील नाही, अशीही नोंद हवी. एवढी नोंद असली की वाचणारा वैद्य पुढचा विचार स्वतः करील.

आता आपल्या भागाविषयी. पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध अनिवार्य असल्याने राज्यातील महाविद्यालयांत दरवर्षी प्रबंधांची भर पडते. त्यांतील पुष्कळ प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटातच राहतात. नांदेड व लातूर येथील मार्गदर्शकांनी ते निबंधरूपाने प्रसिद्ध करविताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेले अंग, संग्रहाचे स्थळ व ऋतू, शोधन-संस्काराचा विधी आणि जपून ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक एवढे लिहवून घ्यावे. औषधालयचालकांचाही यात वाटा आहे. संशोधनासाठी चूर्ण देताना बॅच क्रमांकासह वनस्पतीचे शास्त्रीय नाव बिलावर लिहून दिले, तर निवड करणाऱ्याचा अर्धा संशय तेथेच फिटतो. नागकेशर देताना तर हे विशेष पाळावे. आपल्या बाजारात नागचाफ्याचे पुंकेसर आणि सुरंगीच्या कळ्या ही दोन्ही द्रव्ये याच एका नावाने खपतात.