आत्महत्या : लक्षण की स्वतंत्र विकार?

बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या मार्गावर दोन संस्था आहेत. शहरालगत, १९७४ साली स्थापन झालेली ‘निम्हान्स’ ही मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था; आणि बरेच पुढे, इलेक्ट्रॉनिक सिटीमध्ये, आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीवरील मानसिक साहाय्यसेवा सुरू केली, तेव्हा तिच्या समन्वयाचे कार्य पहिल्या संस्थेकडे व तंत्रज्ञानाचे साहाय्य दुसऱ्या संस्थेकडे आले. अशा प्रकारची सेवा असो वा रुग्णालयाचा अपघात विभाग, नोंद करणाऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहतोच : जीव देण्याचा प्रयत्न करून वाचलेल्या मनुष्याला कोणत्या सदरात बसवावयाचे? त्याला झाले आहे तरी काय?

मनोविकारशास्त्राचे परंपरागत उत्तर असे की, आत्महत्येचा प्रयत्न हे लक्षण होय. विकार त्याच्या मागे असतो. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत या लक्षणाला खिन्नतेचा विकार आणि सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार या दोन निदानांच्या निकषांतच काय ते स्थान होते. परंतु मद्यासक्त, छिन्नमनस्क किंवा कोणताच विकार नसलेली माणसेही हे पाऊल उचलतात. त्यांचा पूर्वीचा प्रयत्न कागदपत्रांत हरवून जातो. नेमकी हीच नोंद सर्वांत महत्त्वाची असते. बंगळूरमध्येच केलेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात कौटुंबिक कलह, मद्यपान, मानसिक आजार, बेकारी व अकस्मात ओढवलेले आर्थिक संकट यांबरोबर पूर्वीचा प्रयत्न हा एक ठळक धोका म्हणून पुढे आला.

या उणिवेवर उपाय म्हणून २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘आत्महत्यात्मक वर्तनविकार’ हे निदान ‘अधिक अभ्यासासाठी’ म्हणून मांडण्यात आले. गेल्या चोवीस महिन्यांत प्रत्यक्ष प्रयत्न झालेला असणे, ही त्याची मुख्य अट. केवळ विचार मनात येणे पुरेसे नव्हते. मरणाचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजा वगळली होती, त्याचप्रमाणे निव्वळ राजकीय वा धार्मिक उद्दिष्टासाठी केलेली कृतीही. हा शेवटचा अपवाद भारतीय वाचकास विशेष अर्थपूर्ण वाटेल. विनोबा भावे यांनी १९८२ साली पवनार येथे अन्न व औषध नाकारून देह ठेवला. त्यास विकार म्हणण्यास कोण धजेल?

प्रस्तावाच्या समर्थकांचे म्हणणे हलके नाही. ही प्रवृत्ती काही कुटुंबांत, इतर मनोविकारांच्या आनुवंशिकतेहून काहीशी स्वतंत्रपणे, आढळते. निदानाला नाव मिळाले की उपचारांचे संशोधन होते व रुग्णावर पुढेही लक्ष ठेवले जाते. तथापि, एकाच गतकृतीवरून ओळखावयाचा आणि दिनदर्शिकेवरून संपावयाचा हा विकार कसला, या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

भारतात या आक्षेपाला आणखी एक धार आहे. अपघातात डोक्याला मार बसल्यानंतर मानसिक आजार जडलेल्या मुंबईतील एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते कलम वैध मानले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने असे गृहीत धरावयास सांगितले की, प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असते. ‘ताण’ हा शब्द येथे ध्यानात घेण्याजोगा आहे; अधिनियमाने ‘आजार’ म्हटलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने कलम उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अपराधच राहिला.

तो शिपाई आजारी होता. विदर्भातील कर्जबाजारी शेतकरी तसा असेलच असे नाही. दोघांना एकच निदान दिले, तर दुसऱ्याच्या बाबतीत सावकार, पाऊस आणि बाजारभाव नजरेआड होतात आणि दोष त्याच्या मेंदूत शोधला जातो. श्रीलंकेने १९९० च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध घातले. त्यानंतरच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. त्यासाठी एकाही माणसाला मनोरुग्ण ठरवावे लागले नाही. पण वाचलेल्या शिपायाच्या आणि शेतकऱ्याच्या, दोघांच्याही, कागदावर ‘पूर्वी प्रयत्न केला होता’ हे शब्द असावयासच हवेत.

२०२२ च्या सुधारित पाठाने जवळजवळ हाच मार्ग स्वीकारला. प्रस्तावित विकार गाळण्यात आला आणि आत्महत्यात्मक वर्तनास, विकार न म्हणता, नोंदीसाठी स्वतंत्र संकेतांक देण्यात आले. त्याच वर्षी अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही आत्महत्येचा प्रयत्न लक्षणांच्या प्रकरणातच आहे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलणाऱ्याला कोणतेच निदान सांगावे लागत नाही. ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालू असते, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.