इमिग्रेशनची रांग टाळायची तर…

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. त्यामुळे टर्मिनल २ वरची इमिग्रेशनची रांग नेमकी झोपेच्या वेळी फुगते. दुबईला नोकरीवर परतणारा तरुण, लंडनला शिकायला निघालेली मुलगी, लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले आजी-आजोबा, सगळे एकाच वळणावळणाच्या रांगेत ताटकळतात. वर्षातून चार-सहा वेळा हा प्रवास करणाऱ्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाने एक वेगळी वाट केली आहे. तिचे पूर्ण नाव ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’, सरकारी कागदोपत्री एफटीआय-टीटीपी.

ही सोय २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद हे सात विमानतळ त्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर यांची भर पडून संख्या १३ झाली. एकूण २१ मोठ्या विमानतळांपर्यंत ती न्यायची असे ठरले आहे आणि नवी मुंबईचे नावही पुढच्या टप्प्यासाठी घेतले गेले आहे. पहिल्या १३ मध्ये पुणे, नागपूर आणि गोवा नाहीत. पण पुण्या-नागपूरचा माणूस मुंबईहून उडणार असेल, तर नोंदणी त्यालाही उपयोगी पडते.

नोंदणी केली म्हणजे आपली तपासणी माफ झाली, असा पुष्कळांचा समज होतो. तसे काही नसते. तपासणी होतेच, फक्त ती प्रवासाच्या रात्री न होता काही आठवडे आधी होते. एवढे ध्यानात ठेवले की अर्जातली प्रत्येक पायरी तशी का आहे, हे आपोआप उलगडते.

काउंटरवर काय चालते

इमिग्रेशन अधिकारी पासपोर्ट हातात घेतो तेव्हा त्याला काही मोजक्या गोष्टींची खातरजमा करायची असते. पासपोर्ट खरा आहे का? समोर उभा असलेला माणूस त्याचाच धनी आहे का? त्याला देशाबाहेर जाण्यास मनाई तर नाही ना? एखाद्या प्रकरणात कोणाच्या नावाने लुकआउट सर्क्युलर निघाले असेल, तर ते इथेच पडद्यावर उमटते. कुठे चाललात, कशासाठी, किती दिवस, हे प्रश्न त्याच शहानिशेचा भाग असतात.

यातली बरीचशी माहिती प्रवासागणिक बदलत नाही. नाव, जन्मतारीख, चेहरा, बोटांचे ठसे तेच राहतात. मग ती एकदा नीट तपासून नोंदवून ठेवली, तर दर वेळी माणसाने माणसाला नव्याने ओळखण्याची गरज उरत नाही. यंत्राने फक्त जुळवून पाहायचे आणि मनाईची यादी चाळायची. ट्रस्टेड ट्रॅव्हलर योजनेचा पाया एवढाच आहे.

अर्ज कोणाला करता येतो

भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय, यांना नोंदणी करता येते. अर्ज करताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. बारा वर्षांखालील मुलांची नोंदणी होत नाही. वयाला वरची मर्यादाही आहे, तेव्हा ज्येष्ठांनी अर्ज भरायला बसण्याआधी संकेतस्थळावरची अट वाचून घ्यावी.

मुलांची ही अट कुटुंबाने प्रवास करणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. आई-बाबांची नोंदणी झाली, पण सोबत सात वर्षांची मुलगी आहे, तर तिला नेहमीच्या काउंटरवरच जावे लागणार आणि एकाला तरी तिच्याबरोबर थांबावे लागणार. अशा घराला या सोयीचा खरा लाभ मुले मोठी झाल्यावरच.

नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालते. पासपोर्ट आठ-दहा महिन्यांत संपणार असेल तर आधी तो नवा करून घ्यावा आणि मगच अर्ज करावा. नाहीतर सगळा खटाटोप वर्षभरात पुन्हा करण्याची वेळ येईल.

अर्ज भरताना

अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो. पत्ता: एफटीआयटीटीपी डॉट एमएचए डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटची ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे पाहून मगच पुढे जावे. या नोंदणीला शुल्क नाही. त्यामुळे ‘पैसे भरा, लगेच मंजुरी मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या कोणाच्याही नादी लागू नये.

आधी मोबाइल क्रमांक आणि ई-मेल यांची ओटीपीने पडताळणी होते. पुढचे सगळे निरोप यांवरच येतात, म्हणून भाच्याचा किंवा ऑफिसचा ई-मेल न देता स्वतःचा, रोजचा द्यावा. मग वैयक्तिक तपशील भरायचे, अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो चढवायचा आणि पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांचे स्कॅन जोडायचे. ओसीआय कार्डधारकांनी कार्डाच्या दोन्ही बाजूही जोडायच्या.

मराठी माणसाचे घोडे बहुधा नावाच्या रकान्यात अडते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असा तिपदरी कारभार. पासपोर्टवर मधले नाव बहुतेकदा पहिल्या नावाला जोडून एकाच रकान्यात येते, बँकेत ते आद्याक्षरापुरते असते आणि तिकिटावर दोन्ही नावे सलग चिकटलेली दिसतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे आधार नव्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या नावाने असणे हेही नेहमीचेच. अशा वेळी नियम एकच पाळावा: पासपोर्टवर जे आणि जसे छापले आहे, तेच आणि तसेच लिहावे. स्पेलिंग मनाला पटत नसले तरी तेच ठेवावे.

स्कॅन करतानाही घाई नको. फोटो असलेल्या पानाच्या तळाशी अक्षर-अंकांच्या दोन लांब ओळी असतात. प्रत्येकीत ४४ जागा. पहिल्या ओळीत ‘पी’नंतर देशाची ‘आयएनडी’ ही अक्षरे, मग आडनाव आणि नाव, उरलेल्या जागी कोनासारख्या खुणा. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, लिंग आणि मुदतीची तारीख. विमानतळावरच्या ई-गेटचे, म्हणजे ओळख पटली की आपोआप उघडणाऱ्या दाराचे, यंत्र वाचते ते मुख्यतः या दोन ओळी.

त्यात एक गंमतही दडलेली आहे. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेली असते. १५ ऑगस्ट १९७५ ही जन्मतारीख तिथे ७५०८१५ अशी दिसेल आणि तिला लागून ८ हा एक जास्तीचा अंक असेल. तो कुठून आला? तारखेतल्या अंकांना अनुक्रमे ७, ३, १, ७, ३, १ ने गुणा: ४९, १५, ०, ५६, ३, ५. बेरीज १२८. तिला दहाने भागले की बाकी उरते ८. यंत्र हाच हिशेब क्षणात करते. ओल्या हाताने एखादा अंक पुसट झाला, स्कॅनवर दिव्याची चकाकी आली किंवा पान दुमडले, तर हिशेब जुळत नाही आणि वाचन फसते. म्हणून स्कॅनमध्ये चारही कडा दिसाव्यात आणि या दोन ओळी स्वच्छ वाचता याव्यात. मूळ पासपोर्टलाही तशीच निगा हवी.

मंजुरी आणि बोटांचे ठसे

अर्ज गेला की सरकारी यंत्रणा माहितीची पडताळणी करतात. काउंटरवरची शहानिशा आधी होते म्हणतात ती इथे. चुकीची माहिती दिली किंवा महत्त्वाची गोष्ट दडवली तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात काही प्रकरण असेल आणि त्याबद्दल विचारले असेल, तर खरे तेच लिहावे.

मंजुरीचा निरोप आला म्हणजे गंगेत घोडे न्हाले असे नाही. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र देणे अजून बाकी असते, आणि ते दिल्याशिवाय नोंदणी पुरी होत नाही. त्यासाठी दोन पर्याय आहेत. एक म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय, ज्याला सगळे एफआरआरओ म्हणतात. नाव परदेशी नागरिकांचे असले तरी या कामासाठी भारतीयांनीही तिथेच जायचे असते. दुसरा पर्याय म्हणजे विमानतळावर, प्रवासाला निघताना किंवा परतताना. कोल्हापूर, नांदेड किंवा अमरावतीच्या माणसाला या एका कामासाठी मुंबई गाठण्यापेक्षा दुसरा पर्याय बरा. मात्र त्या दिवशी विमानतळावर थोडे लवकर पोहोचावे.

ठसे नीट उमटत नसतील तर नोंदणी अडू शकते. ज्यांना आधारच्या यंत्रावर दोन-तीनदा बोट ठेवावे लागते, त्यांना हा अनुभव नवा नाही. वयोमानाने बोटांवरच्या रेषा झिजतात, शेतीकाम, बांधकाम किंवा रोजच्या धुण्याभांड्यांनीही त्या पुसट होतात. जाण्याआधी हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत, मेंदी ताजी असेल तर ती फिकी होऊ द्यावी आणि बोट कापलेले असेल तर जखम भरेपर्यंत थांबावे.

गेटवर

प्रवासाच्या दिवशी विमान कंपनीच्या काउंटरवर सामान देऊन बोर्डिंग पास घ्यायचा आणि मग ई-गेटकडे वळायचे. पासपोर्टचे कव्हर आधीच काढून ठेवावे, मधल्या पानांतल्या चिठ्ठ्या-पावत्याही. गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास स्कॅन होतो, मग बायोमेट्रिक पडताळणी. टोपी, मास्क, गॉगल उतरवून कॅमेऱ्याकडे सरळ पाहावे. सगळे जुळले की दार उघडते आणि इमिग्रेशनची मंजुरी मिळाली असे धरले जाते. सरकारचा दावा यासाठी अर्धे मिनिट पुरते असा आहे. परतीच्या वेळीही अशाच गेटमधून येता येते.

दार उघडले नाही तर गोंधळून जायचे कारण नाही. शेजारी अधिकाऱ्याचा काउंटर असतो, तिथे जायचे. यंत्राला शंका आली की माणूस पाहतो, अशीच ही व्यवस्था आखलेली आहे.

वेळ कुठे वाचत नाही, हेही माहीत असलेले बरे. चेक-इनची रांग तीच राहते, परदेशाच्या व्हिसाची तपासणी विमान कंपनीकडे होते तशीच होते, आणि सीआयएसएफची सुरक्षा तपासणी सगळ्यांनाच असते. येताना ई-गेटमधून झटकन बाहेर पडलात तरी पट्ट्यावर बॅग येईल तेव्हाच येईल आणि पुढे कस्टम्स आहेच. फक्त हातात बॅग घेऊन फिरणाऱ्याला हा फरक सर्वांत जास्त जाणवतो.

डिजियात्राशीही याची गल्लत होते. डिजियात्रा देशांतर्गत प्रवाशांना विमानतळात शिरताना आणि सुरक्षा तपासणीकडे जाताना चेहऱ्यावरून ओळखते. तिचा इमिग्रेशनशी संबंध नाही. डिजियात्रा फोनमध्ये आहे म्हणून ई-गेट उघडणार नाही.

अमेरिकेच्या दारात

आपले ई-गेट भारताच्या बाजूची रांग वाचवते. अमेरिकेत उतरल्यावरची रांग वेगळी, तिच्यासाठी तिथला ‘ग्लोबल एंट्री’ कार्यक्रम. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांबरोबर २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही त्यात अर्ज करता येतो. फी ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर झाली, अर्ज फेटाळला गेला तरी ती परत मिळत नाही. गेल्या पाच वर्षांतले पत्ते, नोकऱ्या आणि भेट दिलेले देश लिहून द्यावे लागतात. सशर्त मंजुरीनंतर मुलाखत होते, ती अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावरही देता येते. भारतीय नागरिकांची पार्श्वभूमी भारतातही तपासली जाते, आणि त्यासाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर वेगळा अर्ज आहे. सदस्यत्व पाच वर्षांचे असते.

हा विश्वास तिथे पटकन गमावलाही जातो. बॅगेतला ताजा कढीपत्ता किंवा रुमालात गुंडाळलेले दोन हापूस न सांगता नेले आणि सापडले, तर दंडाबरोबर सदस्यत्वही जाऊ शकते. लेकीकडे जाताना आईने प्रेमाने भरून नेलेला डबा जाहीर करायलाच हवा.

अर्ज केव्हा करावा

पाच वर्षांतून एखादीच परदेशवारी असेल तर या नोंदणीच्या मागे लागण्याचे कारण नाही, रांगेतला तास सोसावा. कामानिमित्त वरचेवर आखातात, सिंगापूरला किंवा युरोपात जाणारे आणि दरवर्षी मायदेशी येणारे ओसीआय कार्डधारक यांनी मात्र जरूर करावी. तीही तिकीट काढल्यावर धावपळीत नको. पडताळणी सरकारच्या गतीने होते, आपल्या विमानाच्या वेळापत्रकाने नाही. पासपोर्ट नवा झाला की पुढच्या प्रवासाची वाट न पाहता अर्ज भरून टाकावा, म्हणजे पाच वर्षांची मुदत पुरेपूर मिळेल आणि ठसे द्यायलाही मोकळा दिवस निवडता येईल.