हिरव्या शेंगेचा धमाका

तेरड्याची पिकलेली शेंग चिमटीत धरून फोडली नाही, असा माणूस कोकणात विरळाच. बोट लागायचा अवकाश, साल गुंडाळते आणि बिया उडतात. हाच उद्योग मोहरीच्या कुळातलं एक युरोपीय तणही करतं: कार्डामिन हिर्सुटा. उंची जेमतेम वीतभर, फुलं चार पाकळ्यांची, पांढरी, नजरेत न भरणारी. कार्डामिन प्रजातीत अशा दोनशेहून अधिक जाती आहेत. नाव ग्रीक, मूळ अर्थ अळिवासारखी तिखट भाजी. (वेलदोड्याच्या इंग्रजी नावातही हाच शब्द लपलाय, नातं मात्र काडीचं नाही.)

मोहरीची शेंग वाळली की तडकते आणि दाणे बुडाशीच सांडतात. कार्डामिनची शेंग हिरवीगार, रसरशीत असतानाच फुटते. मग एवढा जोर येतो कुठून? जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या अँजेला हे आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ते उलगडलं. सालीतल्या बाहेरच्या पेशी पाण्याने फुगतात तेव्हा जाड होतात, पण लांबीला आखडतात. लाकडाला कणखर करणाऱ्या लिग्निनचा आतला थर मात्र आखडायला तयार नसतो. ताण साठत जातो.

तरी साल लगेच का वळत नाही? सुताराची स्टीलची टेप आठवा. पट्टीला आडवा बाक आहे तोवर ती ताठ राहते. बाक गेला, की मुडपते. शेंगेची सालही तशीच बाकदार. तिच्या आतल्या पेशींत लिग्निन तीन बाजूंनाच साठतं, पन्हळीसारखं, कोपऱ्यांत पातळ बिजागऱ्या ठेवून. शिवण सुटली की पन्हळी उघडतात, साल सपाट होते आणि काही मिलिसेकंदांत तिचं वेटोळं होतं. बिया सेकंदाला 10 मीटरहून अधिक वेगाने सुटतात. पण त्या इतक्या हलक्या, की हवाच त्यांना लवकर अडवते.

याच गटाला 2022 मध्ये आणखी एक धागा सापडला: तांबं. लिग्निन घडवणाऱ्या विकरांना तांबं लागतं. ते पुरेसं मिळालं नाही, तर पन्हळ कच्ची राहते आणि धमाका फुसका ठरतो.

दक्षिण अमेरिकेतली कार्डामिन चेनोपोडिफोलिया तर दोन्हीकडे डाव लावते. वरच्या शेंगा फुटून बिया लांब धाडतात. खालच्या, भुईमुगासारख्या मातीत वाढलेल्या शेंगा न फुटता बिया आईच्या मुळाशीच ठेवतात.