खटक्याचे पायडल

आज ज्या सायकलीबद्दल बोलायचे आहे ती दुधाचे कॅन वाहणारी किंवा पोराला पुढच्या दांडीवर बसवून शाळेत नेणारी आपली सायकल नव्हे. अंगाने हडकुळी, बारीक टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखे हँडल वळवलेली, लांब पल्ल्याची अशी ती सायकल. आपल्या राजापूर तालुक्यात ती आता नवी राहिलेली नाही. मुंबई-गोवा महामार्गाने उतरणारे सायकलवाले ओणीच्या तिठ्यावर चहाला थांबतात. उतरून चालू लागले की त्यांच्या बुटांचा टक् टक् आवाज येतो. पत्री मारलेला बैल फरशीवरून चालावा तसा. तो आवाज बुटाच्या तळाला बसवलेल्या एका पट्टीचा. तिला क्लीट म्हणतात.

मी स्वतः शिक्षक. चाळिशी उलटल्यावर अशी सायकल घेतली, आणि तिच्याबरोबर हे बूट आणि हे पायडलही घेतले. पहिल्या दिवशी शेजारच्या आजींनी विचारले, "काय हो गुरुजी, पाय बांधून घेऊन सायकल कसली चालवता? पडलात म्हणजे?" प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. चौथ्या दिवशी मी पडलोच.

पण आधी हे प्रकरण आहे काय ते सांगतो. शर्यतीच्या सायकलीला पूर्वी पायडलावर पुढून लोखंडी कोंडाळे असे आणि वरून चामड्याचा पट्टा. पाय आत सारायचा, पट्टा आवळायचा. त्या कोंडाळ्याला इंग्रजीत टो-क्लिप म्हणत. पुढे कोंडाळे गेले, म्हणून नव्या पायडलाचे नाव पडले क्लिपलेस, म्हणजे बिनक्लिपचे. नाव बिनक्लिपचे आणि पाय मात्र पक्का अडकलेला! शिकणाऱ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. मी आपले त्याला खटक्याचे पायडल म्हणतो.

ही कल्पना आली बर्फावरून. फ्रान्समधली लूक ही कंपनी बर्फावर घसरण्याच्या स्कीच्या फळ्यांना बूट अडकवण्याची साधने बनवी. घसरणारा पडला की बूट आपोआप सुटला पाहिजे, नाहीतर पाय मोडायचा. तीच युक्ती त्यांनी 1984 मध्ये सायकलच्या पायडलाला लावली. दुसऱ्याच वर्षी, 1985 मध्ये, बर्नार इनो हा फ्रेंच सायकलपटू ही पायडले वापरून टूर द फ्रान्स जिंकला, आणि पट्ट्यांचे दिवस भरले. 1990 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने लहान क्लीटचा एक प्रकार काढला. त्यात क्लीट बुटाच्या तळातल्या खाचेत दडते, त्यामुळे माणसाला चालता येते. आपल्याकडच्या रस्त्यांना हाच प्रकार बरा, कारण आपल्याकडे सायकल चालवणे जितके, तितकेच उतरून ढकलणेही असते.

आता त्याची चाल पाहू. पायडलाला पुढे एक ओठ असतो आणि मागे स्प्रिंगवर बसवलेली खिट्टी. क्लीटचे नाक आधी पुढच्या ओठाखाली सरकवायचे, मग चवड्याने खाली दाबायचे. खिट्टी मागे सरते, क्लीट आत बसते, खट् असा आवाज होतो. सोडवताना पाय वर ओढून उपयोग नाही. वर ओढण्यासाठीच तर तो बांधला आहे! टाच बाहेरच्या अंगाला फिरवायची. क्लीटची कड खिट्टीला बाजूला रेटते आणि पाय मोकळा होतो. काम एवढेच. पण जन्मभर आपण सायकल थांबवताना पाय सरळ उचलून जमिनीवर टेकवलेला असतो, आणि घाबरलेले शरीर जुनेच करते.

माझे तसेच झाले. गावातून महामार्गाला चढताना वळणावर समोरून एक म्हैस आली. मी ब्रेक दाबला, डावा पाय वर उचलला, तो उचलेना. सायकल थांबली. क्षणभर उभी राहिली, आणि तोडलेल्या केळीसारखा मी उजवीकडे, म्हणजे भर रस्त्यात, आडवा झालो. मनगट सुजले, कोपर सोलले. मागून गाडी येत नव्हती म्हणून आज तुमच्यापुढे बोलतो आहे. वेग शून्य होता, लागले थोडके, पण पडलो कुठल्या बाजूला हे मी विसरलेलो नाही.

त्यानंतर महिनाभर मी महामार्गावर गेलो नाही. शाळेच्या मैदानावर, नवरात्राच्या सुमारास जेव्हा गवत दाट आणि माती मऊ असते, तेव्हा शिकलो. आधी जांभ्याच्या गडग्याला हात टेकून, सायकल जागच्या जागी ठेवून, एकेक पाय अडकवला आणि सोडवला. पन्नास वेळा डावा, पन्नास वेळा उजवा. मुले गडग्यावर बसून मोजत होती. मग उजवा पाय अडकवलेला आणि डावा मोकळा ठेवून मैदानाच्या फेऱ्या. शेवटी दोन्ही. घरच्या ओसरीवर हे शिकू नये, तिथे पडायला जागा नसते.

एक सवय मात्र हाडात मुरली पाहिजे: थांबण्याच्या आधी सोडवणे, थांबताना नव्हे. तिठा दिसला, गुरे दिसली, एस.टी. थांब्याला लागताना दिसली, की दहा-पंधरा हात अलीकडेच डावी टाच बाहेर. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने जातो, म्हणून डावाच पाय मोकळा करायचा आणि अंगही डावीकडेच झुकवायचे. पाय डावा सुटला आणि तोल उजवीकडे गेला, तर सोडवून काय उपयोग? आणखी एक गोष्ट इथल्या रस्त्यांची. पावसानंतर डांबराची कड आणि साइडपट्टी यांत कधी वीतभर फरक पडतो. पाय टेकायला गेलात आणि जमीन खालीच राहिली, तर तोल जातो. कड समतल आहे अशी जागा हेरून थांबावे.

चढणीचे वेगळे. ओणीहून पाचलकडे आणि पुढे अणुस्कुरा घाट चढताना वेग मंदावतो. दम संपेपर्यंत रेटले, तर सायकल अचानक थांबते आणि टाच फिरवायला उसंत मिळत नाही. गिअर आधीच हलका करावा. जमणार नाही असे वाटताच पाय सोडवावा. उतरण्यात कमीपणा नाही.

बसवताना क्लीट चवड्याच्या हाडाखाली यावी. टेबलावर बसून पाय लोंबते सोडा आणि बोटे कुणीकडे वळतात ते पाहा. कोणाची सरळ, कोणाची बाहेर. क्लीट त्याच दिशेने बसवावी. दुकानदाराने घाईत सरळ ठोकून दिली आणि पाय मुळचा फाकडा असला, तर महिन्याभरात गुडघा ठणकू लागतो. क्लीट आतल्या आत थोडी फिरू शकेल अशी मिळते. शिमानोच्या रस्त्यावरच्या प्रकारात पिवळी क्लीट सहा अंश फिरते, तांबडी मुळीच नाही. नवख्याने पिवळी घ्यावी. पायडलावर एक स्क्रू असतो, तो सैल केला की पाय सहज सुटतो. शिकताना तो पार सैल ठेवावा.

एवढा खटाटोप करून मिळते काय? पाय वर ओढल्याने ताकद दुप्पट होते असे सांगणारे भेटतील. ते खरे नाही. सपाटीवर सावकाश चालवताना साधे पायडल आणि हे यांत फारसा फरक पडत नाही, असेच मोजमापांत दिसले आहे. फायदा आहे तो खडबडीत उतारावर पाय निसटत नाही याचा, उभे राहून जोर लावताना आणि तासन् तास पाय एकाच जागी राहण्याचा. 2017 मध्ये अमेरिका आडवी ओलांडण्याची रॅम ही जवळजवळ 4,800 किलोमीटरची शर्यत लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने पुरी केली. तितक्या अंतराला असल्या गोष्टींचे मोल. आडिवऱ्याला जाऊन येणाऱ्याला साध्या पायडलावर काही उणे पडत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, मी शाळेला येताना लावू का असली पायडलं?" मी नको म्हटले. पाठीला दप्तर, वाटेत तीन पऱ्हे आणि दर वळणाला ओळखीचे माणूस थांबवणार. तिला पाय मोकळा हवा. हवेच असेल तर एका अंगाला खटका आणि दुसऱ्या अंगाला सपाट असे पायडल मिळते, ते पुढे घे म्हटले.

पावसाळ्यात मी माझे खटक्याचे बूट माळ्यावर टाकतो. आपली तांबडी माती क्लीटमध्ये शिरली की चिकणीसारखी बसते. मग खटका लागत नाही, आणि लागला तर सुटत नाही. उरलेले आठ महिने खिशात एक बारीक काटकी असते. उतरलो की आधी माती कोरतो, मग चहा.