पाण्यातला उजेड : कोणाचा आणि कशासाठी?

आपल्या गोवा-कोकणच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत कधी कधी रात्री फुटणाऱ्या लाटा निळ्या उजळतात. काही रात्रींत ते दृश्य ओसरते. कारण उघड्या समुद्रात हा उजेड करणारे सूक्ष्मजीव प्रवाहाबरोबर येतात आणि पांगतात. कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिकोच्या पूर्वेस व्हिएकेस नावाचे छोटे बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील मॉस्किटो बे या उपसागरात मात्र हा उजेड एरवी वर्षभर टिकतो. जगातील सर्वांत तेजस्वी जीवदीप्त उपसागर म्हणून गिनेसच्या नोंदीत त्याचे नाव आहे.

अंधाऱ्या पक्षात लोक तेथे कयाक, म्हणजे एका-दोघांनी वल्हवायची अरुंद होडी, घेऊन जातात. वल्हे बुडाले की निळा भोवरा उठतो. मासा पळाला की पाण्याखाली निळी रेघ उमटते.

हा उजेड पाण्याचा नव्हे, पायरोडिनियम बहामेन्स या एकपेशीय जीवाचा. तो दिवसा सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतो. रात्री पाणी ढवळले की त्याच्या पेशीच्या आवरणावर ताण पडतो, आत विद्युत्‌स्पंद धावतो, पेशीतल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत आम्लता वाढते आणि ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने ल्युसिफेरिनचा प्राणवायूशी संयोग होतो. त्यातून सुमारे दशांश सेकंदाची चमक निघते. तिच्यात उष्णता जवळजवळ नसते.

एवढा खटाटोप कशासाठी? शास्त्रज्ञांचे एक स्पष्टीकरण असे : या जीवाला खायला बारीक कवचधारी प्राणी आला की त्याच्या हालचालीने चमक उठते आणि तो प्राणीच मोठ्या माशाच्या नजरेस पडतो. घरात चोर शिरल्यावर दिवा लावून शेजारी जागे करावेत, तसेच हे. आपल्याला जी आतषबाजी वाटते, ती त्या जीवाची धोक्याची हाक आहे.

हे जीव येथेच का टिकले? उपसागर उथळ आहे, त्याचे तोंड अरुंद असल्याने ते सहजी समुद्रात वाहून जात नाहीत आणि काठावर खारफुटी आहे. तिची पाने कुजून पाण्याला पोषक द्रव्ये मिळतात. यांतले काही बिघडले, की उजेड मंदावतो. सप्टेंबर २०१७ मधील मारिया चक्रीवादळानंतर हा उपसागर काही महिने अंधारला होता. पुढे तो पुन्हा उजळला. पोर्तो रिकोच्याच ला पार्गेरा येथे मात्र यांत्रिक होड्यांची वर्दळ आणि किनाऱ्यावरील बांधकामे वाढत गेली, तसे पूर्वीचे तेज बरेच ओसरले.

म्हणून मॉस्किटो बेमध्ये पोहायला बंदी आहे. अंगाला लावलेली मलमे आणि डास पळवणारी औषधे पाण्यात उतरतात, ती या जीवांना मारक ठरतात. कयाकला इंजिन नाही, तेल नाही. म्हणून ती चालते.

जैन आचारात ईर्यासमिती सांगितली आहे : वाटेतल्या जीवाला इजा होऊ नये म्हणून पाहून पाऊल टाकावे. या उपसागरात तर वाटेतले जीव स्वतःच उजळून आपण कोठे आहोत ते सांगतात. आपल्या किनाऱ्यावर लाट निळी दिसली, तर वाळूवर उभे राहून पाहावी. केवळ गंमत म्हणून पाणी ढवळायला उतरू नये.