पहिले उड्डाण, साधे आसन

25 डिसेंबर 2025 रोजी सकाळी बंगळुरूहून आलेले विमान नवी मुंबईच्या धावपट्टीवर उतरले आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांनी पाण्याच्या कमानी उभारून त्याचे स्वागत केले. थोड्याच वेळात हैदराबादकडे जाणारे पहिले विमान येथून आकाशात झेपावले. 8 ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या विमानतळाचा हा पहिला व्यावहारिक दिवस. भूमिपूजन 18 फेब्रुवारी 2018 रोजी झाले होते. म्हणजे मधे जवळजवळ आठ वर्षे गेली.

अशा पहिल्या उड्डाणाचे तिकीट काढणाऱ्यांत हौशी लोक असतात, तसेच निव्वळ कामासाठी निघालेलेही असतात. विशेष म्हणजे त्या दिवशीच्या सोहळ्यात मानाची आणि सामान्य अशी दोन प्रकारची आसने फारशी नव्हतीच. आरंभी येथून सेवा देणाऱ्या कंपन्यांची ओळख प्रामुख्याने इकॉनॉमी वर्गासाठीच आहे. मधली वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने आणि एका विमानात सुमारे 180 प्रवासी, हीच बहुतेकांची व्यवस्था. पेढीचा मालक आणि त्याचा मुनीम एकाच रांगेत, गुडघ्याला गुडघा लावून बसतात.

इकॉनॉमी वर्ग आला कोठून?

विमानप्रवास आरंभी सर्वांसाठी नव्हता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूला जे विमान घेऊन आले, त्यात प्रवासी नव्हते, टपाल होते. अटलांटिक महासागरावरील मार्गांवर 1952 साली स्वस्त दराचा ‘टुरिस्ट’ वर्ग आला आणि 1958 साली त्याहून स्वस्त ‘इकॉनॉमी’ वर्ग. त्यामागचे गणित कोणत्याही व्यापाऱ्याला ओळखीचे वाटेल: नफ्याचे प्रमाण कमी ठेवायचे आणि उलाढाल वाढवायची. आसने जवळ आणली, भोजन साधे केले, आणि त्याच इंधनात अधिक माणसे नेली. भारतात 2003 साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने हेच सूत्र लहान शहरांपर्यंत पोचवले. जेवण, जादा सामान, खिडकीची जागा या गोष्टी मूळ भाड्यातून वेगळ्या काढून ज्याला हव्या त्याने विकत घ्याव्यात, अशी रीत त्यानंतर रुळली.

बाजारपेठेच्या दारात विमानतळ

ऐंशी आणि नव्वदीच्या दशकांत मुंबईतील घाऊक बाजार वाशी-तुर्भे परिसरात हलले. मशीद बंदरातील धान्य व मसाल्याच्या पेढ्या खाडी ओलांडून गेल्या, तेव्हा अनेक कुटुंबांना तो वनवास वाटला होता. आज कांदा-बटाटा, फळे, भाजी, मसाला आणि धान्य हे पाचही बाजार तेथे स्थिरावले आहेत, आणि नवा विमानतळ त्यांच्यापासून फार दूर नाही. आजवर या व्यापाऱ्याला सकाळच्या विमानासाठी खाडीपूल ओलांडून सांताक्रूझपर्यंत जावे लागे. वाहतुकीच्या भीतीने तो चार-चार तास आधी घर सोडत असे. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूमुळे दक्षिण मुंबईतील पेढ्यांनाही हा विमानतळ आता जवळ आला आहे.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग होतो. तेथे नव्या उड्डाणांना जागा मिळणे कठीण झाले होते. नवी मुंबईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची आहे. मात्र पहिल्या दिवसांत विमानतळ सकाळी आठ ते रात्री आठ इतकाच वेळ चालवला गेला. म्हणजे पहाटे जाऊन मध्यरात्री परतणाऱ्या व्यापाऱ्याची सोय आरंभी झाली नव्हती. कोणत्याही नव्या विमानतळावर उड्डाणे हळूहळूच वाढतात. एक विमान चुकले तर पुढचे कधी आहे, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे.

तिकिटाचा जमाखर्च

तिकिटावरील आकडा हा एकच आकडा नसतो. मूळ भाडे, विमानतळाचे वापरशुल्क, सुरक्षाशुल्क आणि वस्तू व सेवा कर अशी त्याची फोड असते. नव्या विमानतळाचे वापरशुल्क जुन्यापेक्षा निराळे असू शकते. म्हणून दोन विमानतळांची तुलना करताना मूळ भाडे न पाहता अखेरची बेरीज पाहावी आणि तीत घरापासूनचे टॅक्सीभाडे मिळवावे. इकॉनॉमी वर्गावर 5 टक्के कर आहे. त्यावरील वर्गांवर 22 सप्टेंबर 2025 पासून तो 12 वरून 18 टक्के झाला. व्यवसायासाठी प्रवास असेल तर आरक्षण करतानाच पेढीचा जीएसटी क्रमांक नोंदवावा. तो नोंदवला नाही तर कंपनीकडून पेढीच्या नावे बीजक मिळत नाही आणि कराची वजावट हातची जाते.

देशांतर्गत इकॉनॉमी प्रवासात सामान्यतः हातातील सामान 7 किलो आणि तपासून द्यायचे 15 किलो असते. नमुन्यांच्या पिशव्या घेऊन निघणाऱ्याने घरच्याच काट्यावर वजन करावे. विमानतळावरचा जादा किलो महाग पडतो. तीर्थयात्रेला निघालेल्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे, की सुके खोबरे तपासून द्यायच्या सामानात चालत नाही. उड्डाण सहा तासांहून अधिक लांबणार असेल, तर दुसरे विमान किंवा संपूर्ण परतावा मागण्याचा प्रवाशाला हक्क आहे. डिसेंबर 2025 च्या पहिल्या पंधरवड्यात देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा हा नियम ठाऊक असणे किती उपयोगाचे, हे अनेकांना कळले.

आहाराचा प्रश्न

विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ हा स्वतंत्र संकेत आहे. कंदमुळे वर्ज्य करणारा समाज लहान असला, तरी जगभरच्या विमानांच्या स्वयंपाकघरांनी त्याची नोंद घेतली आहे. पण असे भोजन आयत्या वेळी मिळत नाही. ते आधी नोंदवावे लागते, आणि कमी भाड्याच्या विमानांत त्याचे वेगळे पैसे पडतात. चौविहार पाळणाऱ्यांपुढे वेळेचा प्रश्न येतो. हिवाळ्यात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. विमानतळावर दोन तास आधी पोचायचे, तर साडेपाचच्या विमानाच्या प्रवाशाने घरूनच जेवून निघावे हे उत्तम. खाखऱ्याचा डबा हातातील सामानात ठेवण्यास अडचण नसते.

धावपट्टीखालची भूमी

या विमानतळासाठी उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. नवी मुंबई शहरासाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले, आणि त्यातूनच शेतकऱ्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, ही येथील भूमिपुत्रांची मागणी त्याच स्मृतीतून उभी राहिली आहे.

वाशीत व्यापार करणाऱ्या कुटुंबांची समृद्धीही याच संपादित भूमीवर वाढली आहे. म्हणून विमानतळाभोवती नवी गोदामे, उपाहारगृहे, वाहतुकीच्या पेढ्या उभ्या राहतील, तेव्हा त्यांत नोकरी, भागीदारी आणि ठेके देताना या दहा गावांतील तरुणांचा विचार आधी झाला पाहिजे. ज्यांच्या शेतावरून विमान उडते, त्यांची मुलेही एखाद्या दिवशी तिकीट काढून त्याच साध्या आसनावर बसू शकली, तर या विमानतळाचा हिशेब खऱ्या अर्थाने जुळला असे म्हणता येईल.