गव्हाच्या लाटा, मातीचा हिशेब

संध्याकाळचे आठ वाजून गेले तरी जूनमधलं ऊन इथे मावळायचं नाव घेत नाही. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं वॉशिंग्टन राज्य (राजधानी नव्हे, ती तिथून साडेतीन हजार किलोमीटर दूर!) आणि त्यातली स्टेप्टो ब्यूट ही टेकडी. माथ्यावर ओळीने तिपाया रोवलेल्या, प्रत्येकीवर लांबलचक लेन्सचा कॅमेरा. सगळ्यांच्या नजरा खाली. खाली ना नदी, ना किल्ला, ना देऊळ. खाली आहे फक्त शेती! गव्हाची, मसुराची, हरभऱ्याची. पण ती अशी काही लाटांवर लाटा उठल्यासारखी पसरलेली, की पाहणाऱ्याला हिरवा समुद्रच आठवावा.

या मुलखाला म्हणतात पलूस. सांगली जिल्ह्यातल्या पलूसशी त्याचा काही संबंध नाही, नावाचं साम्य हा निव्वळ योगायोग. कोणी म्हणतं, हिरवळीसाठी असलेल्या फ्रेंच शब्दावरून हे नाव पडलं. कोणी म्हणतं, इथल्या मूळ रहिवाशांच्या पलूस जमातीवरून. काही असो, आज जगभरातले हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकार या नावामागे धावत येतात.

या टेकड्या आल्या कुठून? तळाशी आहे लाव्हारसाचा काळा खडक, आपल्या सह्याद्रीचा आहे तसाच, पण वयाने बराच लहान. हिमयुगात वाऱ्याने वाहून आणलेली पिठासारखी बारीक माती त्यावर साठत गेली. वाळवंटात वाळूच्या टेकड्या बनतात तशाच या मातीच्या टेकड्या बनल्या. काही ठिकाणी हा थर दोनशे फुटांहून जाड आहे. स्टेप्टो मात्र त्याहून कितीतरी जुनी. ४० कोटी वर्षांहून अधिक वयाचा तिचा खडक लाव्हारसात बुडाला नाही, बेटासारखा वर राहिला. उंची ३,६१२ फूट, म्हणजे आजूबाजूच्या शेतांपेक्षा सुमारे हजार फूट वर. १८८८ साली कॅशअप डेव्हिस नावाच्या एका धाडसी गृहस्थाने माथ्यावर चक्क हॉटेल बांधलं! ते फारसं चाललं नाही आणि १९११ मध्ये जळून गेलं. आता तिथे सरकारी उद्यान आहे आणि टेकडीला वेढे घालत डांबरी रस्ता थेट माथ्यापर्यंत जातो.

सावलीची करामत

फोटोची खरी किमया उन्हात नाही, सावलीत आहे. दुपारी बारा वाजता याच टेकड्या सपाट, बेचव दिसतात. सूर्य क्षितिजाशी टेकला की प्रत्येक उंचवट्याची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते आणि लाटा जिवंत होतात. रुंद कोनाची लेन्स इथे फारशी कामाची नाही. २०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स लावली की दूरदूरच्या टेकड्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात आणि चौकटीत नुसत्या रेषा नि रंग उरतात. माथ्यावरचा वारा मात्र भन्नाट असतो, तिपाई भक्कम नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

मे अखेर ते जून मध्य हा हिरवा मोसम. गहू, मसूर, वाटाणा यांच्या हिरव्या छटा वेगवेगळ्या, मध्येच नांगरून ठेवलेल्या जमिनीचा तपकिरी पट्टा. ऑगस्टमध्ये सगळं सोनेरी होतं आणि कापणीची यंत्रं धुरळा उडवत उतारांवर फिरू लागतात. एकेकाळी इथलं यंत्र ओढायला तिसाहून अधिक घोडे किंवा खेचरं जुंपावी लागत. आताच्या यंत्राचं कापणीचं पातं उताराप्रमाणे कलतं, धड मात्र सरळ राहतं.

हा गहू गुडघ्याच्या थोडा वर, बुटका. त्यात भारताचाही एक धागा आहे. इथल्याच पुलमन गावच्या विद्यापीठात ऑरव्हिल व्होगेल यांनी जपानच्या ‘नोरिन १०’ या बुटक्या गव्हाचा इथल्या गव्हाशी संकर केला. ते बियाणं त्यांनी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांना पाठवलं. त्यातून घडलेल्या मेक्सिकन वाणांचं १८ हजार टन बियाणं १९६६ मध्ये भारताने आणलं, आणि पुढची हरितक्रांतीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

फिकट टोप्या

आता पुन्हा त्या फोटोंकडे जरा निरखून पाहा. नुकत्याच नांगरलेल्या जमिनीत उतार काळेभोर, पण टेकडीचा माथा पिवळट, टोपी घातल्यासारखा. चित्रात हा रंगबदल फार सुंदर दिसतो. प्रत्यक्षात तिथली सुपीक काळी माती गेलेली असते आणि खालची चिकण फिकट माती उघडी पडलेली असते. एवढा जाड थर असूनही पिकाच्या कामाची माती वरची थोडकीच. इथला पाऊस बहुतेक हिवाळ्यात पडतो. गोठलेली जमीन वितळत असताना नेमका तो येतो आणि शरद ऋतूत पेरलेला गहू तेव्हा इतका लहान असतो की मातीला धरून ठेवू शकत नाही. त्यात नांगर दरवेळी माती उताराच्या दिशेने ढकलतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९७८ मध्ये मांडलेला हिशेब धक्कादायक होता: लागवडीखालच्या १० टक्के जमिनीवरची मूळ सुपीक माती पूर्ण नाहीशी झालेली, आणखी ६० टक्के जमिनीवर पाव ते पाऊण गेलेली. मूळचा गवताळ प्रदेश तर एक टक्काही उरलेला नाही.

म्हणजे ज्या उतारांसाठी छायाचित्रकार येतात, तेच उतार शेतकऱ्याची डोकेदुखी आहेत. त्यात पाहुण्यांची भर! एकाकी झाड, मोडकळीला आलेलं लाकडी कोठार दिसलं की काही जण सरळ उभ्या पिकात घुसतात. ही जमीन खासगी आहे. पिकात पाऊल टाकू नये, गाडी शेताच्या वाटेवर आडवी लावू नये. विचारलं तर बहुधा परवानगी मिळते. युनियनटाउन गावातलं डाहमेन कोठार तर खुलंच आहे, त्याच्याभोवती हजारांहून अधिक जुन्या लोखंडी चाकांचं कुंपण आहे आणि फोटो काढायला कोणाची मनाई नाही.

माती वाचवायचे उपायही शेतांत दिसतात. कोणी उताराला आडवी पेरणी करतं, कोणी सर्वांत तीव्र चढ गवताला सोडून देतं. बरेच जण आता नांगरच चालवत नाहीत. मागच्या पिकाची धसकटं तशीच ठेवून त्यांतच यंत्राने बी पेरतात. पाणी अडतं, माती थांबते. फक्त असं शेत कॅमेऱ्यात विस्कटलेलं, मळकट दिसतं. टेकडीवरच्या लांब लेन्स मग शेजारच्या गुळगुळीत, ताज्या नांगरटीकडे वळतात.